जुन्या मोटारगाड्यांचा निष्कास-मॅनिफोल्ड : बसवणी आणि निगा

मोटारीच्या एंजिनात जळून गेलेले वायू ज्या ओतीव नळसंचातून सिलिंडरांबाहेर पडतात व पुढे एकाच नळीने सायलेन्सरकडे जातात, त्यास निष्कास-मॅनिफोल्ड असे म्हणतात. एंजिनाच्या सर्व भागांत हा भाग सर्वांत साधा दिसतो. त्यात फिरणारा, सरकणारा किंवा वंगणाची अपेक्षा करणारा एकही अवयव नाही. तरीही जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार करणाऱ्यांच्या अनुभवास असे येते की, दट्ट्या, धारवा (बेअरिंग) किंवा झडपा यांची दुरुस्ती पैसे खर्चून का होईना, पण निश्चितपणे पार पडते; मॅनिफोल्ड मात्र नीट बसवला असे वाटूनही सहा महिन्यांत गळू लागतो, वाकतो, आणि एखाद्या सकाळी त्याच्या टोकाजवळ तडा गेलेला आढळतो. मूळ सुटा भाग कित्येक दशकांपूर्वी बाजारातून नाहीसा झालेला असल्यामुळे अशा तड्याची किंमत मोठी असते.

या अपयशाचे कारण बहुतेक वेळा ओतकामात नसून बसवणीच्या पद्धतीत असते. गळती दिसली की नट अधिक आवळावा, ही मिस्त्रीची स्वाभाविक प्रवृत्ती होय. पाण्याच्या नळाच्या बाबतीत ती योग्यही आहे. परंतु मॅनिफोल्डचा सांधा हा पाण्याच्या नळाचा सांधा नव्हे. वायूच्या दृष्टीने तो घट्ट असावा लागतो आणि धातूच्या हालचालीच्या दृष्टीने मोकळा. या दोन अपेक्षा परस्परविरोधी भासतात; त्या एकाच वेळी कशा पुऱ्या करावयाच्या, हाच या विषयातील खरा प्रश्न आहे.

उदाहरणादाखल शेव्हरोलेचे सहा सिलिंडरांचे एंजिन घेता येईल. 1929 सालच्या गाड्यांपासून हे डोक्यावरच्या झडपांचे एंजिन प्रचारात आले. त्या वेळी त्याचे आकारमान 194 घनइंच होते. 1937 साली त्याची रचना बदलून ते 216.5 घनइंच, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर करण्यात आले व 1953 पर्यंत ते चालू राहिले. काटेकोर व्याख्येप्रमाणे ‘विंटेज’ ही संज्ञा 1930 अखेरपर्यंतच्या गाड्यांसच लावली जाते. व्यवहारात मात्र ती पुष्कळ सैल वापरली जाते, आणि ज्या गाड्या आज प्रत्यक्ष दुरुस्तीस येतात त्यांत 1937 नंतरच्या बऱ्याच असतात. महाराष्ट्राशीही या एंजिनाचा जवळचा संबंध आहे. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला आणि तो 1954 मध्ये बंद होईपर्यंत शेव्हरोलेच्या गाड्या व ट्रक तेथे जोडले जात होते.

1937 नंतरच्या या एंजिनात अंतर्ग्रहणाची तीन व निष्कासाची चार तोंडे सिलिंडर-शीर्षाच्या एकाच बाजूस, एकाआड एक अशी आहेत. निष्कासाची टोकाची दोन तोंडे पहिल्या व सहाव्या सिलिंडरांची. मधली दोन प्रत्येकी दोन सिलिंडरांत सामायिक. अंतर्ग्रहण व निष्कास हे दोन स्वतंत्र ओतीव भाग असून मध्यभागी ते एकमेकांस बोल्टांनी जोडलेले असतात. थंड हवेत पेट्रोलची वाफ नीट व्हावी म्हणून निष्कासाची उष्णता तेथे अंतर्ग्रहण-नळाच्या तळास दिली जाते. शीर्षावर हे दोन्ही भाग काही ठिकाणी एकाच आवळपट्टीखाली धरले जातात. म्हणजे एक भाग तापून लालसर होण्याच्या बेतात, त्याला चिकटलेला दुसरा भाग पेट्रोलच्या बाष्पीभवनाने निवलेला, आणि ज्यावर हे दोन्ही टेकले आहेत ते शीर्ष पाण्याच्या वेष्टनामुळे शंभर अंशांच्या आत, अशी ही रचना आहे.

आता हालचाल किती होते ते पाहू. करड्या बिडाचा रेषीय प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे 11 दशलक्षांश धरता येतो. मॅनिफोल्डची लांबी सोयीसाठी 600 मिलिमीटर धरू आणि चढावर भार घेऊन चालताना त्याची भिंत 30 अंशांपासून 500 अंशांपर्यंत तापते असे मानू. त्याची लांबी सुमारे 3.1 मिलिमीटरने वाढेल. त्याच अंतरात शीर्ष मात्र 95 अंशांपर्यंतच तापत असल्याने केवळ 0.4 मिलिमीटर वाढेल. राहिलेला फरक 2.7 मिलिमीटरांचा. मॅनिफोल्ड मध्यभागी स्थिर धरला असेल, तर प्रत्येक टोक शीर्षाच्या पृष्ठावरून सव्वा मिलिमीटरहून थोडे अधिक बाहेर सरकले पाहिजे आणि एंजिन निवताना तेवढेच परत आले पाहिजे. गाडी जितक्या वेळा तापते व निवते तितक्या वेळा ही ये-जा घडते.

ही सरकण्याची वाट बंद केली तर काय होते? 600 मिलिमीटरांत 2.7 मिलिमीटर दाबून टाकणे म्हणजे 0.0045 इतकी विकृती. बिडाचा स्थितिस्थापकता गुणांक 110 गिगॅपास्कल धरल्यास प्रतिबल सुमारे 500 मेगॅपास्कल येते. सामान्य करड्या बिडाचे ताणबल 200 ते 250 मेगॅपास्कलांच्या आसपास असते. दाबाखाली बीड याहून पुष्कळ अधिक सोसते, म्हणून तापलेल्या स्थितीत मॅनिफोल्ड फुटत नाही. परंतु 500 अंशांवर ते हळूहळू चेपले जाते, आणि हे चेपणे कायमचे असते. एंजिन निवले की हा आखूड झालेला भाग आपल्या जुन्या जागी पुरत नाही. दोन्ही टोकांचे स्टड त्याला बाहेर ओढून धरतात व आतापर्यंत दाबात असलेला धातू ताणात येतो. बीड दुबळे आहे ते नेमके ताणातच. म्हणून तडा रस्त्यावर न जाता रात्री, गाडी गॅरेजमध्ये उभी असताना जातो. आणि तो न गेल्यास टोकाचा स्टड वाकतो किंवा तुटतो. जुन्या एंजिनांवर तुटलेले स्टड बहुधा टोकाचेच का असतात, याचा उलगडा येथे होतो.

वाकण्याचे स्वरूपही याच विचाराने समजते. शीर्षास टेकलेली पाळ तुलनेने थंड, तर बाहेरची नळी अधिक तापलेली. नळीस पाळीपेक्षा अधिक वाढावयाचे असते, पाळ तिला अडवते, नळी चेपली जाते व निवल्यावर पाळीपेक्षा आखूड राहते. परिणामी मॅनिफोल्ड धनुष्यासारखा वळतो आणि त्याची टोके शीर्षापासून सुटू पाहतात. असा वाकलेला मॅनिफोल्ड थंड असताना टोकाशी टिकटिक आवाज करतो. दहा मिनिटांनी नळी तापून लांब झाली की टोके पुन्हा शीर्षावर दाबली जातात आणि आवाज थांबतो. “गरम झाल्यावर आपोआप जाते” असे म्हणून अनेक मालक या आवाजाकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक तो आवाज मॅनिफोल्ड वाकू लागल्याची पहिली सूचना होय.

शेव्हरोलेच्या रचनाकारांस याची पूर्ण जाणीव होती, असे त्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांतील आकड्यांवरून दिसते. सहा सिलिंडरांच्या एंजिनावर मॅनिफोल्डच्या मधल्या बोल्टांस 25 ते 30 फूट-पौंड (सुमारे 34 ते 41 न्यूटन-मीटर) पीळ द्यावा, व टोकाच्या बोल्टांस फक्त 15 ते 20 फूट-पौंड (सुमारे 20 ते 27 न्यूटन-मीटर). मध्य स्थिर राहावा व टोके आवळपट्टीखाली सरकू शकावीत, एवढाच या फरकाचा अर्थ. सर्व नट सारख्याच जोराने आवळणारा, किंवा टोकाशी गळती होते म्हणून टोकालाच अधिक जोर लावणारा मिस्त्री या योजनेचा पायाच काढून घेतो. टॉर्क-पाना वापरणे ही या कामात हौस नाही. हाताच्या अंदाजाने 15 आणि 30 यांतील फरक कळतो असे समजणाऱ्यांनी एकदा पाना लावून खात्री करून घ्यावी.

प्रत्यक्ष बसवणीपूर्वी पृष्ठ तपासणे आवश्यक असते. मॅनिफोल्डची तोंडे स्वच्छ करून त्यांवर सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवावी व फीलर-गेजने फट मोजावी. लहान फट गॅस्केट भरून काढते, 0.25 मिलिमीटरच्या पुढे मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नये व पृष्ठ यंत्रावर सपाट करून घ्यावे. येथे एक चूक वारंवार होते. निष्कास-मॅनिफोल्ड वाकलेला असतो, म्हणून तो एकटाच यंत्रावर घेतला जातो. त्यामुळे त्याची पाळ पातळ होते, शेजारच्या अंतर्ग्रहण-नळाची मात्र जाडच राहते. मग दोन्ही पाळींवर एकत्र बसणारी आवळपट्टी केवळ जाड पाळीवर टेकते आणि निष्कासाचे तोंड तिच्याखाली सैल राहते. नट कितीही आवळला तरी जोर चुकीच्या भागावर पडतो. म्हणून दोन्ही भाग मधले गॅस्केट घालून एकमेकांस जोडावेत, सर्व तोंडे एकाच वेळी सपाट करावीत आणि त्यानंतर दोन्ही पाळींची जाडी मोजून पाहावी. फार वाकलेल्या तुकड्यास यंत्रावर घेण्यापूर्वी भट्टीत 550 ते 600 अंशांपर्यंत तापवून सावकाश निवू देणे हितावह असते. आतील प्रतिबले अशा रीतीने सैल झाली नाहीत, तर सपाट केलेला तुकडा पहिल्याच तापण्यात पुन्हा वाकतो.

पृष्ठाइतकेच तोंडांचे परस्पर अंतरही तपासले पाहिजे. करडे बीड वारंवार तापवल्यास आकारमानाने कायमचे वाढते. ही ‘वाढ’ विसाव्या शतकाच्या आरंभी धातुवैज्ञानिकांच्या लक्षात आली आणि 1909 साली रुगन व कार्पेंटर यांनी तिचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. बिडातील सिमेंटाइटाचे विघटन होऊन ग्रॅफाइट सुटते व ते अधिक जागा व्यापते. शिवाय ग्रॅफाइटाच्या पापुद्र्यांच्या वाटेने वायू आत शिरून धातूचे आतल्या आत ऑक्सिडीकरण करतात. याप्रमाणे जखडल्यामुळे आखूड होणे आणि जुनेपणामुळे लांबणे, अशा दोन उलट क्रिया एकाच तुकड्यात चालू असतात. कोणती वरचढ ठरली हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. नवे गॅस्केट प्रथम शीर्षावर व नंतर मॅनिफोल्डवर ठेवून पाहिले म्हणजे तोंडे सरकली असल्यास तत्काळ ध्यानात येते. सरकलेल्या तुकड्यास पहारीने ढकलून स्टडांवर चढवणे म्हणजे तडा आधीच निश्चित करून ठेवणे होय.

दोन भाग शीर्षावर चढवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. अंतर्ग्रहणाच्या तोंडांतील पोलादी कडी जागेवर बसवावी. दोन्ही भाग मध्यभागी सैलच जोडावेत. मग ते शीर्षावर टेकवून आवळपट्ट्यांचे बोल्ट मध्यापासून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. आणि त्यानंतरच मधला जोड घट्ट करावा. मधला जोड आधी आवळला तर दोन भागांची तोंडे जराशी जरी एका पातळीत नसली तरी ती पातळी साधण्याचे काम बीड वाकण्यावर पडते. सायलेन्सरची नळी सर्वांत शेवटी जोडावी. ती हाताने सहज मॅनिफोल्डच्या तोंडाशी यावी; नळी ओढून आणावी लागत असेल, तर तिचे आधार सुधारावेत. लांब नळीचे वजन व एंजिनाचे डोलणे हे दोन्ही भार मॅनिफोल्डवर येऊ नयेत अशी मूळ रचना असते. परंतु एंजिनाखालची रबरे कुजली व नळीची पट्टी तुटली की मॅनिफोल्ड हाच नळीचा एकमेव आधार होऊन बसतो. मॅनिफोल्ड तिसऱ्यांदा फुटला अशी तक्रार असेल तेव्हा एंजिनाखालची रबरे पाहावीत.

पहिल्यांदा एंजिन पूर्ण तापवून व पूर्ण निववून बोल्ट एकदा पुन्हा ठरलेल्या पिळावर आणावेत, कारण नवे गॅस्केट थोडे बसते. ही गोष्ट एकदा, फार तर दोनदा करावी. त्यानंतरही गळती राहिली तर दोष पृष्ठाचा आहे, पिळाचा नाही.

जुने स्टड काढणे हा या कामातील सर्वांत जोखमीचा भाग, कारण येथे चूक झाल्यास हानी मॅनिफोल्डची न होता सिलिंडर-शीर्षाची होते. गंजलेला नट तुटेपर्यंत पिळण्यापेक्षा तो फोडून टाकणे स्वस्त पडते. स्टडाच्या मुळाशी उष्णता देऊन, निवताना मुरणारे तेल किंवा मेण सोडून, पुढे-मागे थोडे थोडे हलवीत तो काढावा. पृष्ठाशी तुटलेल्या स्टडावर नट ठेवून वितळजोड केल्यास त्या उष्णतेनेच आटे बरेचदा सैल होतात. ज्या एंजिनांत स्टडाचे भोक पाण्याच्या पोकळीत उघडते तेथे नवा स्टड गळतीरोधक लेप लावूनच बसवावा. कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांवर मॅनिफोल्डास पितळी नट असत. पितळ पोलादी आट्यांवर गंजून चिकटत नाही. मूळ पितळी नटांच्या जागी चकचकीत पोलादी नट घालणे ही सुधारणा नव्हे.

गॅस्केटविषयी एक इशारा देणे अगत्याचे आहे. त्या काळची मॅनिफोल्ड-गॅस्केटे तांब्याच्या पत्र्यात किंवा पोलादी जाळीवर ॲस्बेस्टॉस भरून केलेली असत. ती कोरड्या तारेच्या ब्रशाने किंवा फिरत्या चाकाने खरवडल्यास उडणारे सूक्ष्म तंतू फुप्फुसांत जातात, व त्यांपासून होणारे फुप्फुसावरणाचा कर्करोगादी विकार अनेक दशकांनंतर प्रकट होतात. जुने गॅस्केट पाण्याने पूर्ण भिजवून, ओलेच, बोथट पात्याने काढावे व पिशवीत बंद करावे. पोलादी पत्र्यावर ग्रॅफाइटाचा थर दिलेली आजची गॅस्केटे या कामास केवळ पर्यायी नाहीत, उलट अधिक चांगली आहेत. कारण ग्रॅफाइट घसरू देते, आणि या सांध्यास घसरणेच हवे असते.

गळती ही केवळ आवाजाची बाब नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या एंजिनांतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइडाचे प्रमाण काही टक्के असते, आणि रक्तातील हीमोग्लोबिनास हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. त्यास वास नाही. फोर्डच्या मॉडेल ए गाडीस (1927–31) मिळणाऱ्या हीटरांत मॅनिफोल्डभोवती बिडाचे आवरण घालून त्यातून तापलेली हवा थेट प्रवाशांच्या पायाशी आणली जात असे. अशा गाडीत मॅनिफोल्डच्या एका तोंडाची गळती म्हणजे बंद काचांच्या आत विषारी वायूची नळी सोडण्यासारखेच आहे. मुंबई-पुण्याच्या हवेत हीटर लावण्याची वेळ येत नाही हे खरे, पण एंजिन व प्रवासी यांमधील पडद्यातली भोके गंजून मोठी झालेल्या गाड्या येथेही आहेत. सांध्यापाशी काजळीचा पट्टा दिसणे, अथवा उतारावर पेट्रोल बंद करताच सायलेन्सरमध्ये फटफट होणे, ही गळतीची खात्रीलायक लक्षणे होत. उतारावर मॅनिफोल्डमधील दाब क्षणभर बाहेरच्या हवेहून कमी होतो, फटीतून हवा आत ओढली जाते व न जळलेले मिश्रण नळीत पेटते.

तडा गेलेला मॅनिफोल्ड जोडता येतो, परंतु जेथे मिळेल तेथे जोडून आणण्याचे हे काम नाही. थंड बिडावर विद्युत्-वितळजोड केल्यास जोडालगतचा धातू झपाट्याने निवून काचेसारखा कठीण व ठिसूळ बनतो, आणि पुढचा तडा त्या पट्ट्याच्या कडेने जातो. संपूर्ण तुकडा आधी सावकाश तापवून, निकेलयुक्त किंवा बिडाच्याच कांडीने जोडून, राखेत अथवा भट्टीत सावकाश निवू दिला पाहिजे. ज्या तुकड्याचे बीड आतपर्यंत जळून ऑक्साइडयुक्त झाले आहे, त्यात कोणताही जोड टिकत नाही. अशा वेळी नवा तुकडा ओतून घ्यावा. कोल्हापूरच्या शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांचे कसब पाहता ते अशक्य नाही. मात्र जुना मॅनिफोल्ड हाच साचा म्हणून वाळूत दाबल्यास नवा तुकडा घनीभवनानंतर निवताना होणाऱ्या आकुंचनामुळे शेकडा एकने आखूड येतो. 600 मिलिमीटरांत ही चूक 6 मिलिमीटरांची, म्हणजे वर हिशेबिलेल्या सगळ्या प्रसरणाच्या दुप्पट होय. स्वतंत्र साचा करणे अपरिहार्य आहे. धातू निवडण्याची मोकळीक असेल, तर 1948 साली जाहीर झालेले गोलकग्रॅफाइटी बीड करड्या बिडाहून श्रेयस्कर, कारण त्यात तडा सहजी पसरत नाही व त्याची ‘वाढ’ कमी असते.

निगेच्या बाबतीत दोन गोष्टी विशेष सांगण्यासारख्या आहेत. पहिली, दोन मॅनिफोल्डांमधील उष्णता-नियंत्रक झडप. ती काजळीने बंद स्थितीत अडकली तर सर्व तप्त वायू मध्यभागी आदळतात व तो भाग जळतो. तिच्या दांड्यावर एंजिन-तेल घालू नये, ते जळून झडप अधिकच घट्ट करते. रॉकेलमध्ये कालवलेली ग्रॅफाइटाची पूड वापरावी. दुसरी गोष्ट पाण्याची. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. गाडी ‘चालू राहावी’ म्हणून आठवड्यातून एकदा पाच मिनिटे एंजिन फिरवून बंद करणाऱ्या मालकांच्या नळ्यांत हे पाणी वाफ होऊन बाहेर न जाता थंड भिंतींवर साचते, आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ते वाळतही नाही. याहून गाडी मुळीच सुरू न करणे बरे; सुरू करावयाची तर वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणावी.

मॅनिफोल्डभोवती उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याची टूम अलीकडे फोफावली आहे. बिडाच्या मॅनिफोल्डास ती घातक आहे, कारण बाहेर जाणारी उष्णता अडून भिंतीचे तापमान वाढते आणि पट्टीत मुरलेले पाणी गंज चढवते. जॅग्वार एक्सके 120 सारख्या गाड्यांवर मुळातच असणारा काचेसारखा मुलामा दिसण्यास सुंदर आणि गंजास रोधक आहे. परंतु तो भट्टीत सुमारे 800 अंशांवर चढवला जातो व त्यात तुकडा हमखास थोडाफार वळतो. म्हणून सांध्याची पृष्ठे मुलामा दिल्यानंतरच सपाट करावी लागतात. प्रदर्शनात परीक्षकांपुढे उभ्या असलेल्या चकाकत्या मॅनिफोल्डच्या टोकाशी नखाएवढी काजळीची रेघ दिसली, तर हा क्रम उलटा झाला असे समजावे.